जुनी शिडाची नौका, पेट्रोल इंजिन आणि सोलापूरचा उन्हाळा

जुनी लाकडी शिडाची नौका घेण्याचा विचार बोलून दाखवला की पहिला सल्ला ठरलेला असतो: आत पेट्रोलचे इंजिन असेल तर ते काढून डिझेलचे बसवा, नाहीतर त्या नौकेच्या वाटेला जाऊ नका. या सल्ल्यामागची आगीची भीती खोटी नाही. तरीही सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरणाच्या जलाशयासाठी १८ फुटांची सागवानी नौका मुंबईकडून घेतली तेव्हा मी तिचे मूळ इंजिन तसेच ठेवले. त्यामागची कारणे सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्या जिल्ह्यात असे धाडस करणाऱ्यासमोर सागरकिनाऱ्यावरच्या मालकांना कधी पडत नाहीत असे काही प्रश्न उभे राहतात.

इंजिनाचे झाकण उघडण्याआधी लाकूड पाहावे. इंजिन बदलता येते. तळाच्या फळ्या आणि आतल्या बरगड्या कुजल्या असतील तर नौकाच नव्याने बांधावी लागते. लाकडी हातोडीने फळी ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, कुजलेले बद्द वाजते, आणि शंका आली तिथे टोच्याचे टोक हलक्या हाताने रुतवून पाहावे. डेकमधून पावसाचे पाणी जिथे झिरपते ते कोपरे सर्वांत आधी तपासावेत, कारण कूज खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याने लवकर धरते. समुद्रातील लाकूड पोखरणारा किडा उजनीच्या पाण्यात जगत नाही हे आपले भाग्य, पण लाकूड टिकवणारा मिठाचा अंशही त्या पाण्यात नाही. म्हणून जुने लोक तळाच्या सांदीत खडे मीठ टाकून ठेवत.

सोलापुरात याहून मोठा शत्रू उन्हाळा आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी असते, आणि अशा हवेत ट्रेलरवर उभ्या असलेल्या नौकेच्या फळ्या आक्रसून त्यांच्यातील फटी उघडतात. या फटी घाईने कडक लांबीने (पुट्टीने) भरल्या तर पुढे पाण्यात फळ्या फुगतात, त्यांना जागा उरत नाही आणि आतले रिव्हेट ताणले जातात किंवा बरगडी तडकते. नौका दाट सावलीत ठेवणे, आतून ओले गोणपाट पसरणे आणि पाण्यात सोडल्यावर सुरुवातीचे काही दिवस ती गळणारच असे धरून पंप जवळ ठेवणे, एवढाच शहाणा उपाय मला दिसतो.

आता इंजिन. ते इंग्लंडमधील हेन्ली-ऑन-थेम्स येथील स्टुअर्ट टर्नर कंपनीचे, एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक आणि बाहेरचे पाणी आत खेचून थंड होणारे आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींनी ते पाहिले आणि म्हणाले, "साहेब, ही तर राजदूतच आहे, फक्त पाण्यात बसवलीय." राजदूत आणि येझदी उघडलेल्या हातांना ठिणगी देणारे मॅग्नेटो व पॉइंट आणि तेलमिश्रित पेट्रोल नवे नसते, आणि यंत्रमागांचे सुटे भाग बनवणारे लेथवाले या शहरात असल्यामुळे बुश किंवा शाफ्टची बाही करून घेणे अवघड जात नाही. डिझेल इंजिन वजनाने बरेच जड असते. त्यासाठी बैठक, शाफ्ट आणि नौका पुढे ढकलणारा पंखा हे सारेच बदलावे लागले असते आणि एवढ्या लहान नौकेचा तोलही बिघडला असता.

जुन्या टू-स्ट्रोकमध्ये केवळ सिलिंडरचे कॉम्प्रेशन पाहून भागत नाही. क्रँकचे सील झिजले असतील तर इंधनमिश्रण वर ढकलणाऱ्या खालच्या पेटीत दाब धरला जात नाही आणि इंजिन सुरू करताना दम काढते. समुद्रात वापरलेल्या इंजिनाच्या पाण्याच्या वाटा क्षार आणि गंजाने बुजलेल्या असतात, त्याही खोलून पाहाव्यात.

भीतीचे खरे कारण पेट्रोलची वाफ हे आहे. ती हवेपेक्षा जड असते आणि नौकेचा तळ चहूबाजूंनी बंद असल्यामुळे तिथेच साचून ठिणगीची वाट पाहते. त्यामुळे इंजिन सुरू करण्याआधी, ठिणगी न उडवणाऱ्या मोटरचा आणि तळापर्यंत नळी पोहोचलेला ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, किमान चार मिनिटे चालवावा आणि मग स्वतः वाकून वास घ्यावा. थांबताना टाकीचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होऊ द्यावा, त्याखाली थेंब झेलणारी तबकडी असावी, आणि पेट्रोल भरायची सुटी टाकी किनाऱ्यावर उतरवूनच भरावी. या शिस्तीत एकही सूट मला मान्य नाही.

आणि इथे आपल्या जिल्ह्याचा ऊस मध्ये येतो. साखर कारखान्यांच्या मळीपासून आणि रसापासून बनणारे इथेनॉल आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे, पण हे इंजिन त्या इंधनासाठी बनलेले नाही. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात. कार्ब्युरेटरमधील बुचाच्या (कॉर्कच्या) तरंगत्या गोळ्यावर चपड्याचा (लाखेचा) लेप असेल तर तो विरघळतो. सुतार चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतात, हे आठवले की कारण लगेच कळते. इथेनॉल ओलावा शोषते, आणि तो मर्यादेपलीकडे गेला की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. टू-स्ट्रोकमध्ये हे फार घातक आहे, कारण वंगणाचे तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि इंजिनाला तळाचे, जवळजवळ तेलविरहित मिश्रण मिळते. मी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घातल्या, गोळा पितळेचा बसवला, आणि एका फेरीपुरतेच ताजे मिश्रण तयार करतो.

उजनीची पातळी हा शेवटचा निकष होता. धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे, आणि उन्हाळ्यात साठा वजामध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, गेला की काठ दूरवर सरकून मधे चिखल उरतो. म्हणून मी खोल, स्थिर कण्याची नौका नाकारली आणि सेंटरबोर्ड, म्हणजे वर ओढून घेता येणारे तळाचे पाते असलेली निवडली. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी या जलमार्गावर वादळी वाऱ्याने नौका उलटून सहा जण बुडाले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर शीड उभारायचे नाही आणि लाइफ जॅकेटशिवाय कुणाला नौकेत घ्यायचे नाही, हे मी तेव्हापासून पक्के केले आहे.

यंत्र बसवलेली नौका असल्याने २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नोंदणी आणि तपासणी आलीच, शिवाय जलाशयासाठी जलसंपदा विभागाची परवानगीही घ्यावी लागते. धरण भरायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, तेव्हा हे कागद उन्हाळ्यातच हाती घ्यावेत.