वाणीची चार पदं, त्यांतली तीन गुहेत

बुधवार, रात्री साडेदहा

गणपतीला अजून अठरा दिवस आहेत. पहिल्या दिवशी सोसायटीत अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करायची असं ठरलंय, म्हणून रोज सात ते पावणेआठ माझ्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली जाते. नऊ मुलं येतात. "त्वं भूमिरापोऽनलोऽनिलो नभः" इथवर सगळी एका दमात पोचतात आणि पुढच्या "त्वं चत्वारि वाक्पदानि" ला अडखळतात. 'वाक्'चा पाय मोडत नाही, 'वाकपदानि' होतं. आज तेवढंच पाच वेळा घोटून घेतलं. पाचव्यांदा म्हणून झाल्यावर खिडकीपाशी बसणारी पाचवीतली मुलगी म्हणाली, "काकू, चार कोणती?"

पुढची ओळ बोटाने शोधता शोधता मी सांगून टाकलं, "परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी." तिने वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात कुणाची तरी आई घ्यायला आली, तास संपला.

मी खोटं सांगितलं नाही. बऱ्याचशा पुस्तिकांत त्या ओळीखाली हाच अर्थ छापलेला असतो (वाणीच्या चार पायऱ्या, सगळ्यात आतल्या परेपासून तोंडाने बोलतो त्या वैखरीपर्यंत), आजोबांनी मलाही हाच सांगितला होता. तरी भांडी घासताना टोचत राहिलं. ती चार नावं त्या ओळीत नाहीत. जिथून ती ओळ येते, त्या ऋचेतही नाहीत. मी तिला अर्थ सांगितला की अर्थावर नंतर चढलेला एक थर सांगितला? ओटा पुसून झाला आणि पुस्तकं काढून बसले. बाराच्या आत झोपणं काही होणार नाही आता.

मूळ ऋचा ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातली, १६४ व्या सूक्तातली ४५ वी:

चत्वारि वाक् परिमिता पदानि
तानि विदुर्ब्राह्मणा ये मनीषिणः।
गुहा त्रीणि निहिता नेङ्गयन्ति
तुरीयं वाचो मनुष्या वदन्ति॥

वाणीची मोजलेली चार पदं आहेत. जे मनीषी आहेत त्यांना ती माहीत असतात. तीन गुहेत ठेवलेली आहेत, ती हलत नाहीत. माणसं बोलतात ती वाणीचा चौथा भाग.

'नेङ्गयन्ति' म्हणजे न इङ्गयन्ति, हालचाल करत नाहीत. आपला 'इंगित' शब्द ह्याच धातूचा. मनातलं जे जरासं हलून दिसतं ते इंगित. इथे ऋषी म्हणतो, तीन भाग असे आहेत की त्यांचं इंगितही मिळत नाही. हे आज रात्री पहिल्यांदा लक्षात आलं, आणि इतकी वर्षं ही ओळ नुसती जिभेवरून गेली याचं वाईट वाटलं.

सूक्त दीर्घतमस ऋषींचं. परंपरा त्यांना जन्मांध मानते, नावातच लांबलेला अंधार आहे. सूक्तात ५२ ऋचा आहेत आणि बऱ्याचशा म्हणजे सरळ कोडीच. एक चाक, बारा धावा, तीन तुंबे, ३६० खिळे: हे कोडं कुणीही ओळखेल, ते वर्ष आहे. एका झाडावरचे दोन पक्षी, एक फळ खातो आणि दुसरा नुसता बघतो: तेही इथलंच, पुढे मुंडकोपनिषदात गेलेलं. "एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति" हेही इथलंच. काही ठिकाणी ऋषी स्वतःच उत्तर देऊन टाकतो. ३४ व्या ऋचेत विचारतो, पृथ्वीचं शेवटचं टोक कुठलं? आणि ३५ व्यात सांगतो, ही वेदी हेच पृथ्वीचं टोक. ४५ व्या ऋचेला मात्र असं उत्तर जोडलेलं नाही. चार आहेत एवढं सांगितलं, तीन लपलेली आहेत एवढं सांगितलं, आणि पुढे गेला.

मग ज्याने त्याने ती चार शोधली.

शोधाची यादी निरुक्ताच्या, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्काच्या ग्रंथाच्या, तेराव्या अध्यायात आहे. तो अध्याय परिशिष्ट मानतात, यास्काच्या हातचा नसावा असं अभ्यासक म्हणतात. कुणीही लिहिलेला असो, त्याने फार सचोटीचं काम करून ठेवलंय. ऋचा देतो, "कतमानि तानि चत्वारि पदानि" असा खिडकीतल्या मुलीचाच प्रश्न विचारतो आणि मग कोण काय म्हणतं ते नावानिशी सांगतो. आर्ष म्हणजे ऋषींचं मत: ॐकार आणि तीन महाव्याहृती (भूः, भुवः, स्वः). वैयाकरण: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). याज्ञिक: मंत्र, कल्प (विधींचे नियम), ब्राह्मण (यज्ञाचं विवेचन करणारे ग्रंथ) आणि चौथी व्यवहारातली बोली. नैरुक्त, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणारे: ऋक्, यजुस्, साम आणि चौथी तीच, व्यवहारातली. आणखी काही जण: सापांची वाणी, पक्ष्यांची वाणी, सरपटणाऱ्या बारीक जीवांची वाणी आणि चौथी माणसांची. आत्मवादी: जनावरांतली, वाद्यांतली, रानातल्या प्राण्यांतली आणि आपल्या आतली.

सहा उत्तरं. सहांपैकी एकातही परा नाही, पश्यंती नाही.

प्रत्येकाने चार वस्तू आपल्याच घरातून आणल्यात. यज्ञ करणाऱ्याला यज्ञाची सामग्री दिसली, व्याकरणवाल्याला शब्दांच्या जाती. हे मी हिणवून लिहीत नाही. ज्यावर आयुष्य वेचलं त्याच्यातच माणूस गूढ शोधणार. पण ऋचेत 'मनीषी' शब्द आहे ना, ज्यांना चारही कळतात ते. तिथे प्रत्येक जण नकळत आपल्या मंडळींना बसवतो.

वैयाकरणांचं उत्तर मला सगळ्यात अडचणीचं वाटतं, आणि म्हणूनच त्यावर जास्त थांबले. महाभाष्याच्या, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या भाष्याच्या, अगदी सुरुवातीला, पस्पशाह्निक नावाच्या पहिल्या भागात, पतंजली ही ऋचा घेतात. व्याकरण का शिकायचं, हे पटवताना. ('चत्वारि शृङ्गा' हा चार शिंगं, तीन पाय, दोन डोकी आणि सात हातांचा बैलही तिथेच आहे, चार शिंगं म्हणजे पुन्हा नाम, आख्यात, उपसर्ग, निपात, आणि सात हात म्हणजे सात विभक्ती. त्या बैलावर कधीतरी वेगळं लिहीन.) वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या मराठी भाषांतराचा पहिला खंड माझ्याकडे आहे, बांधणी सुटलेला. त्यात बघितलं. अडचण अशी: नाम, क्रियापद, उपसर्ग, निपात तर आपण रोज बोलतो. मग त्यातली तीन गुहेत कशी? पतंजलींच्या वाक्यावर त्यांचा टीकाकार कैयट तोडगा काढतो की चारांपैकी प्रत्येकाचा चौथा हिस्साच व्याकरण न शिकलेला माणूस बोलतो. म्हणजे तीन पदं लपलेली नाहीत, चारही पदांचे तीन-तीन हिस्से लपलेत. बुद्धी दिपते. पण ऋचेला त्यासाठी वाकवावं लागतं, हे माझं प्रामाणिक मत. 'गुहा' म्हटलंय तिथे काहीतरी खरंच ठेवलेलं असावं असं मन म्हणतं.

सापांचं आणि पक्ष्यांचं उत्तर वाचताना आधी हसू आलं होतं, कॉलेजात असताना. आज नाही आलं. कारण ते उत्तर शतपथ ब्राह्मण या यज्ञावरच्या जुन्या वैदिक ग्रंथातही आहे, आणि तिथे त्यामागे गोष्ट आहे. सोमाच्या पेल्यातल्या वाट्यावरून इंद्र आणि वायू यांच्यात वाद होतो, प्रकरण प्रजापतीकडे जातं आणि इंद्राच्या पदरात फक्त चौथा भाग पडतो. इंद्र म्हणतो, मला चौथाच दिला ना, मग वाणीचाही चौथाच भाग स्पष्ट होईल. म्हणून माणसं बोलतात तेवढंच उलगडलेलं. जनावरं बोलतात तो चौथा भाग, पक्षी बोलतात तो, बारीक सरपटणारे बोलतात तो, हे तिन्ही न उलगडलेले. आणि लगेच साक्षीला हीच ऋचा.

इथे गुहा डोंगरात नाही आणि कुंडलिनीतही नाही. कावळा खिडकीशी बोलतो ती गुहा. बोलणं चालू आहे, अर्थ लपलेला आहे. मला हे उत्तर आज सगळ्यात जवळचं वाटलं. यादीत त्याच्यापुढे पंथाचं नावसुद्धा नाही, नुसतं 'इत्येके', असं काही जण म्हणतात.

आता परा-पश्यंती कुठून आल्या ते. व्याकरणाचे तत्त्वज्ञ भर्तृहरी त्यांच्या वाक्यपदीय ग्रंथात तीनच वाणी सांगतात: वैखरी, मध्यमा, पश्यंती. पश्यंतीच्या वर परा बसवली ती काश्मीरच्या शैवांनी. त्यांच्यातल्या सोमानंदांनी तर पश्यंतीलाच शेवटचं मानणाऱ्या वैयाकरणांना चांगलं धारेवर धरलंय. चौदाव्या शतकात विजयनगरात बसून सायणाचार्य या ऋचेवर भाष्य लिहितात तेव्हा जुनी उत्तरं देतात आणि शेवटी 'दुसरे असं म्हणतात' म्हणून परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी देतात. वैदिक संशोधन मंडळाच्या प्रतीत ते पान आहे. मी मुलीला जे एकमेव उत्तर म्हणून दिलं ते सायणांकडे रांगेतलं शेवटचं आहे. आणि ऋचेपासून तिथवर दोन हजारांहून जास्त वर्षं गेलेली.

खूप उशीर झाला. उरलेलं उद्या.

गुरुवार, दुपारी

सकाळी दूध तापत असताना दत्ताची आरती गुणगुणत होते आणि एका ओळीपाशी थांबले. "पराही परतली तेथे कैचा हेत." नाथांची आरती. लहानपणापासून म्हणतेय, आणि 'पराही' हा एक सलग शब्द आहे, पराभवासारखा काहीतरी, असं मी बरीच मोठी होईपर्यंत समजत होते. परा ही. ती सगळ्यात आतली वाणीही जिथून मागे फिरली. म्हणजे नाथांच्या काळापर्यंत काश्मिरातली परा पैठणच्या देवघरात इतकी मुरली होती की आरतीत आली, आणि ती आली तीही हरून परतताना.

ज्ञानदेव तर त्याच्याही आधीचे. अमृतानुभवाचं तिसरं प्रकरण अख्खं ह्या चौघींवर आहे, नाव 'वाचाऋण परिहार'. चारी वाणींच्या हाकेने आत्म्याची झोप उडते खरी, पण ऋण फिटत नाही, कारण ते जागं होणं हीसुद्धा झोपच: "जें चेणेंचि नीद कीं." हे वाचलं की मला पुस्तक मिटून थोडा वेळ बसावं लागतं. इतर सगळे तीन लपलेल्या वाणी शोधायला निघालेत, आणि हे एकटे सांगतायत की चारही सापडल्या तरी हिशेब पुरा होत नाही.

तेव्हा परा-पश्यंती हे उत्तर मला टाकायचं नाही. ते आपल्या संतांनी जगून दाखवलेलं आहे. फक्त ते ऋचेबरोबर जन्मलेलं नाही, एवढं सांगितलं पाहिजे. पुस्तिका छापणारे हे सांगत नाहीत याचा मला राग येतो. ओळीखाली बारीक टाइपात एकच अर्थ देतात, आणि दहा वर्षांच्या मुलीला वाटतं प्रश्न संपला. गूढ तिथेच मरतं. याउलट, कौत्स नावाच्या आचार्याने 'मंत्रांना अर्थच नसतो' असं म्हटलं, ते यास्काने जसंच्या तसं नोंदवलं आणि मग उत्तर दिलं: आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. विरोधकाचं म्हणणं आधी पूर्ण लिहायचं, ही रीत केवढी मोठी आहे.

दीर्घतमस स्वतः तर याच सूक्तात ३७ व्या ऋचेत म्हणतात, "न वि जानामि यदिवेदमस्मि." मी हे जे काही आहे, ते मला कळत नाही. ज्याने कोडी घातली त्याचं हे वाक्य आहे.

गुरुवार, रात्री

आज आवर्तनं झाल्यावर इतरांना खडीसाखर देऊन पाठवलं आणि तिला दहा मिनिटं थांबवून घेतलं. म्हटलं, काल मी तुला एकच उत्तर दिलं, ते घाईचं होतं. सहाही वाचून दाखवली, मग शतपथातली गोष्ट, मग सांगितलं की परा-पश्यंती नंतर आल्या आणि ज्ञानोबा-एकनाथांना त्या प्रिय होत्या. तिने कालच्या ओळीवर काट मारली नाही. तिच्या वर एक बाण काढून "हे नंतर" असं लिहिलं आणि बाकीची यादी समासात, वही आडवी करून.

पाऊस थांबला होता, जिन्याखालच्या कुंड्यांत रातकिडे सुरू झालेले. तिने विचारलं, रातकिडा कुठल्या चौथ्या भागात? मी म्हटलं, बारीक सरपटणाऱ्यांच्यात घालूया. तिला ते पटलं नाही, तो सरपटत नाही, उडी मारतो. बरोबर आहे तिचं.

चपला घालताना पुन्हा वळली. "परिमिता म्हणजे मोजलेली ना, काकू?"

"हो."

"मग तीन गुहेत होती तर मोजली कोणी?"

मी तिला उद्या सांगते म्हटलंय. सायणांचं पान उघडं ठेवलंय, वर चष्मा ठेवलाय म्हणजे मिटणार नाही.