मठातले संगीत आणि चार स्त्रियांचे आवाज

‘अ‍ॅनॉनिमस फोर’ या चार स्त्रियांच्या गायनचमूची ध्वनिमुद्रिका कुणाला ऐकवली की मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो : मध्ययुगातले हे धार्मिक संगीत तर मठांतल्या आणि कॅथीड्रलांतल्या पुरुषांचे, मग ते स्त्रियांनी का गावे? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उंच आवाजांत हे संगीत कसे लागेल, या कुतूहलापोटीच त्या चौघी १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये गायला बसल्या. त्यात गैर काहीच नव्हते, कारण मध्ययुगीन स्वरलेखन स्वरांमधले अंतर सांगते, पट्टी ठरवून देत नाही. आपल्याकडे एकच बंदिश गायक काळी एकमध्ये आणि गायिका काळी चारमध्ये गाते, तेव्हा बंदिश बदलली असे कुणी म्हणत नाही.

पण याहून महत्त्वाचे उत्तर इतिहासात आहे. जर्मनीतल्या ऱ्हाइनकाठच्या रूपर्ट्सबर्ग मठाची प्रमुख हिल्डेगार्ड (१०९८–११७९) हिने आपल्या जोगिणींसाठी स्वतः पदे रचली होती. ११७८ मध्ये, बहिष्कृत समजल्या गेलेल्या एका सरदाराचे दफन मठाच्या आवारात झाले म्हणून माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी तिथले गाणेच बंद केले आणि प्रार्थना हलक्या आवाजात नुसत्या वाचण्याचा हुकूम दिला. त्या सरदाराला मरणापूर्वी चर्चने क्षमा केली होती, असे सांगत हिल्डेगार्डने प्रेत उकरायला नकार दिला आणि त्यांना लिहून कळवले, की योग्य कारणाशिवाय देवाची स्तुती थांबवणाऱ्यांना स्वर्गातल्या स्तुतिगानात स्थान मिळणार नाही. वयाची ऐंशी वर्षे गाठलेल्या त्या बाईचा मृत्यू जवळ आला होता. त्याआधी काही महिने बंदी उठली. गाण्यासाठी अशी भांडलेली स्त्री ज्या परंपरेत आहे, ती परंपरा निव्वळ पुरुषांची कशी म्हणायची?

स्पेनमधल्या बुर्गोसजवळचा लास ह्वेल्गास मठ सिस्टर्शियन जोगिणींचा. त्या पंथाला अनेक आवाजांचे गाणे फारसे मान्य नव्हते, तरी चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तिथल्या हस्तलिखितात बहुतेक रचना अनेक आवाजांच्याच आहेत. त्यात जोगिणींना गळा तयार करण्यासाठी लिहिलेला स्वरनामांचा, दोन आवाजांत म्हणायचा एक पाठही आहे. रियाझाचा असा कागद हाती असताना त्या नुसत्या ऐकत बसत होत्या, हे मला पटत नाही.

म्हणूनच या चमूच्या कामात मला त्यांची पहिली, गाजलेली ‘अ‍ॅन इंग्लिश लेडीमास’ ही मेरीमातेच्या उपासनेच्या संगीताची ध्वनिमुद्रिका सर्वांत मोलाची वाटत नाही. तिथले आवाज इतके एकजीव आहेत की सुरांचे आपापसातले घर्षण कानाला जाणवेनासे होते. हा आक्षेप अनेकांनी घेतला आहे आणि तो मला पटतो. हिल्डेगार्डची पदे असलेली १९९७ मधली ‘इलेव्हन थाउजंड व्हर्जिन्स’ आणि लास ह्वेल्गासवरची २०११ मधली ‘सीक्रेट व्हॉइसेस’ यांत मात्र तेच आवाज आपल्या हक्काच्या जागी आहेत. हिल्डेगार्डची चाल एकाच शब्दावर लांबवर चढत जाते, तेव्हा कंप नसलेला त्यांचा सरळ स्वर ती चढण जराही न डगमगता पेलतो.

मधल्या काळात चमूत बदल झाले, अमेरिकन भक्तिगीतेही त्यांनी गायली, आणि २०१५ च्या अखेरीस त्यांनी थांबायचे ठरवले. तुम्ही ऐकणार असाल तर सुरुवात हिल्डेगार्डपासून करा. लेडीमास नंतर ऐकली तरी चालेल.