एअर हँडलर निवडताना नुसते टन बघू नका

घरात सेंट्रल हीटिंग-कूलिंग बसवायचं म्हटलं की सगळी चर्चा बाहेरच्या युनिटवर होते आणि आतला एअर हँडलर (ब्लोअर म्हणजे पंखा आणि हवा थंड-गरम करणारी कॉइल असलेली पेटी) मात्र कॉन्ट्रॅक्टर देईल तो, हे मला अजिबात पटत नाही, अहो शेवटी खोल्यांमध्ये हवा तोच पोचवणार ना! कूलिंग क्षमतेच्या दर टनामागे साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, दमट हवेत ३५० च्या आसपास ठेवली तर कॉइलवर ओलावा जास्त निघतो. पण डक्ट, म्हणजे हवा नेणारे मार्ग, अरुंद असतील तर कागदावरचे आकडे कागदावरच राहतात, म्हणून आधी स्टॅटिक प्रेशर (हवा ढकलताना डक्टमुळे येणारा दाब) मोजून घ्या, बरीच युनिट ०.५ इंच वॉटर कॉलम (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) धरून रेट केलेली असतात.

ब्लोअरची मोटर शक्यतो ईसीएमच (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वेग बदलणारी) घ्या. फिल्टर थोडा भरला तरी ती हवा टिकवून धरते, त्यासाठी वीज मात्र तेव्हा जास्त खाते, त्यामुळे फिल्टर वेळेवर बदलायलाच हवा.

आणि कॉइलवरचं पाणी बाहेर नेणारा ड्रेन! ब्लोअर कॉइलच्या पुढे बसून हवा ओढत असेल तर आत निगेटिव्ह प्रेशर तयार होतं, मग ड्रेनच्या पाइपला पाणी भरलेला ट्रॅप (पाइपाचं U आकाराचं वळण) नसेल तर बाहेरची हवा पाइपातून आत खेचली जाते, पाणी ट्रेमध्येच साचतं आणि एक दिवस सीलिंगवर डाग दिसतो. ट्रॅप आणि फ्लोट स्विच (ट्रेमध्ये पाणी चढलं की युनिट बंद करणारा) दोन्ही मागून घ्या, यात काटकसर नको. कॉइल बाहेरच्या युनिटशी मॅच होणारी आणि त्याच रेफ्रिजरंटची (कूलिंगच्या गॅसची) आहे का तेही कोटेशनवर लिहूनच घ्या.