दुसरे विधान वाचताना पहिले झाकून ठेवा

घातांकांचे नियम मला शाळेपासून पाठ होते आणि असमानता सोडवतानाही कधी अडले नव्हते. तरीही डेटा सफिशिएन्सीच्या प्रश्नांत हे दोन्ही एकत्र आले की माझे उत्तर हमखास चुकायचे. या प्रकारात एक प्रश्न आणि दोन विधाने दिलेली असतात, आणि उत्तर ठरवायला ती एकेकटी किंवा दोन्ही मिळून पुरेशी आहेत का, एवढेच सांगायचे असते. चूक नेमकी कुठे होते हे कळायला तीन आठवडे गेले, याची चुटपुट अजून आहे.

ज्या प्रश्नाने मला अडवले तो असा: क्षचा घन क्षच्या वर्गापेक्षा मोठा आहे का? विधान १: क्ष > ०. विधान २: क्षचा वर्ग > क्ष. पहिले विधान एकटे अपुरे आहे हे लगेच दिसले, कारण क्ष २ घेतल्यास उत्तर 'होय' येते आणि १/२ घेतल्यास 'नाही'. दुसऱ्या विधानात मी दोन्ही बाजूंना क्षने भागले, क्ष > १ मिळवले आणि 'दुसरे एकटेच पुरेसे' हा पर्याय निवडला. उत्तरसूचीत मात्र 'दोन्ही मिळून पुरेशी' असे होते. मी भागाकार चार वेळा तपासला. छपाईची चूक असावी, असेही वाटून गेले. शेवटी क्षच्या जागी −२ ठेवून पाहिले: वर्ग ४ येतो, म्हणजे विधान खरे ठरते, घन −८ येतो, म्हणजे उत्तर 'नाही'. ऋण संख्येने भागताना असमानतेचे चिन्ह उलटते हे मला ठाऊक होतेच. पण पहिल्या विधानातले 'क्ष > ०' मनात तसेच राहिले होते आणि त्याच्याच भरवशावर मी दुसऱ्या विधानात बिनदिक्कत भागत होतो.

आता पहिले विधान तपासून झाले की मी ते कागदाने झाकतो, आणि चिन्ह माहीत नसलेल्या संख्येने भागण्याऐवजी सर्व पदे एका बाजूला आणून अवयव पाडतो. क्ष(क्ष − १) > ० असे लिहिले की क्ष < ० किंवा क्ष > १ या दोन्ही शक्यता समोर येतात.

खरे तर याच्याही आधी प्रश्न सोपा करून घ्यावा. वर्ग कधीच ऋण नसल्यामुळे वरचा प्रश्न 'क्ष > १ आहे का?' एवढाच उरतो. किमती तपासताना −२, −१/२, ०, १/२, १ आणि २ या सहाही घ्याव्यात. विधान खरे ठरवणाऱ्या प्रत्येक किमतीला 'नाही' असेच उत्तर येत असेल, तर तेही विधान पुरेसेच असते. पाया ० आणि १ यांच्या दरम्यान असेल, तर मोठ्या घातांकाची किंमत लहान येते, हेही मी बराच काळ विसरत असे.