पंचवीस खवले

काकांच्या एका जुन्या रेल्वे टाइमटेबलात खुणेसाठी ठेवलेला माशाचा खवला आहे. रुपयाच्या नाण्याहून मोठा, नखासारखा पिवळट, आणि उजेडात धरला की खोडाच्या कापासारख्या बारीक कड्या दिसतात. लहानपणी तो हातात घेतला की काकू ओरडायची, "ठेव तो, हाताला वास येईल!" वास केव्हाच गेलाय, काकूचं ओरडणं तेवढं चालू आहे.

खवला बाडसाचा. पुस्तकात याला महाशीर म्हणतात. मध्य प्रदेशातल्या नर्मदाकाठच्या निमाडात बाडस, आणि आपल्या सह्याद्रीच्या नद्यांत याचाच भाऊबंद खडस. मीटरगेजच्या दिवसांत काका निमाडातल्या बडवाह स्टेशनवर होते, तेव्हा नर्मदेचा बाडस आठवड्यातून एकदा तरी घरात शिजायचा. साठच्या दशकातल्या सरकारी पाहणीतही नर्मदेच्या एकूण पकडीत चौथाईहून थोडा जास्त वाटा एकट्या बाडसाचा होता. आज मासळी बाजारात विचारलं तर दुकानदार कटला पुढे करतो.

"बेटा, एकदा बडवाहला घेऊन चल," असं काका दोन वर्षं म्हणत होते. (आम्ही इंदूरचे मराठी, आमच्यात 'बाळा'चं 'बेटा' कधी झालं, कळलंच नाही.) ऑगस्टच्या शेवटी योग आला. तेव्हाच जायचं हा हट्ट त्यांचाच. 16 जून ते 15 ऑगस्ट नद्यांत मासेमारीला बंदी असते, ती उठलेली असते, आणि बाडस अंडी घालतो तोही याच पावसाळी पाण्यात.

रामबागेतून सहाला निघालो. सिमरोलपर्यंत ठीक, मग भेरूघाटात ट्रकांची रांग. त्या दीड तासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

चोरलच्या पुलाशी काकांनी गाडी थांबवायला लावली. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, तरी माझा खांदा धरून थेट पाण्यापर्यंत उतरले. ही नदी पुढे बडवाहजवळ नर्मदेला मिळते. काकांनी वाकून पाण्यातून मूठभर गोटे काढले, सुपारीएवढे, धुतल्यासारखे स्वच्छ. म्हणाले, "हे त्याचं बाळंतपण." पूर आला की बाडस मोठ्या नदीतून अशा उपनद्यांत चढतो आणि वाहत्या, थंड पाण्यात गोट्यांवर अंडी घालतो. अंडी जड असतात, खाली जाऊन खडीच्या फटीत बसतात, आणि वरून पाणी खेळतं राहिलं तरच जगतात. रोहू एका हंगामात लाखांनी अंडी टाकतो. बाडसाचा हात त्या मानाने फारच आखडता. वाळू-खडी उपसून नेली किंवा वर गाळ बसला, की त्या वर्षीचा पाळणा रिकामा.

बडवाहला स्टेशन बघायचा कार्यक्रम पाच मिनिटांत उरकला. काकांना ओळखीचं तिथे काहीच उरलं नव्हतं. नर्मदेवर मात्र आम्ही दोन तास होतो.

घाटावर जाळं दुरुस्त करत एक म्हातारे केवट बसले होते. काका आणि ते अर्ध्या मिनिटात निमाडीत घुसले, मला तुकडे तुकडेच कळत होते. "दिन में दो बार चढ़ती है, दो बार उतरती है, समंदर हो गई मैया," हे मात्र नीट कळलं. वर ओंकारेश्वरचं धरण 2007 पासून वीज करतंय, त्याच्याही वर इंदिरा सागर. टर्बाइन सुरू झाले की पाणी चढतं, थांबले की उतरतं. उथळ खडीत घातलेली अंडी सकाळी पाण्यात आणि दुपारी उन्हात. शिवाय भिंत आडवी आली की माशाला वर चढायची वाटच बंद. केवटांनी हाताने पायरीवरची ओली रेघ दाखवली, आम्ही बोलत होतो तेवढ्यात ती चार बोटं खाली गेली होती.

सगळा दोष धरणाच्या माथी मारला असता तर मला सोयीचं झालं असतं. पण काकांनीच मोडता घातला. सुरुंगाची दारू पाण्यात टाकून मासे मारायचे ते दिवस त्यांनी पाहिलेत. "पोतं भरून यायचं. आम्ही विचारायचो का कसे मारले? भाव विचारायचो." आणि खालच्या अंगाला जलूद आहे, तिथून पंपांनी घाट चढवून पाणी इंदूरला येतं, 1978 पासून. माझ्या माठातलं पाणी तेच.

2011 मध्ये मध्य प्रदेशाने महाशीरला राज्यमासा केलं. बडवाहच्या वनविभागाने त्याच्या प्रजननाचं कामही हाती घेतलं. ते आम्हाला आत जाऊन बघता आलं नाही, पण पद्धत मला ठाऊक आहे. लोणावळ्याला वळवण तळ्याकाठी टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून हेच चालत आलंय: तयार मादीचं पोट हलकेच दाबून अंडी भांड्यात उतरवायची, नराचं वीर्य मिसळायचं, आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पसरायची. तीन-चार दिवसांत पिल्लं. तिथला खडस असा लाखांनी वाढला, दूरदूरच्या नद्यांत सोडला गेला. कावेरीत मात्र या पाहुण्याने तिथल्या मूळच्या कुबड्या महाशीरला मागे रेटलं. त्या बिचाऱ्याला शास्त्रीय नाव मिळेपर्यंत 2018 उजाडलं, तोवर तो नामशेष व्हायच्या काठावर होता. म्हणून मला पिल्लांच्या आकड्यांचं फार कौतुक नाही. पिल्लं नर्मदेच्याच बाडसाची हवीत, आणि मोठी झाल्यावर त्यांना चढायला एखादी चोरल वाहती हवी.

परतताना एका ढाब्याबाहेर टोपलीत मासे दिसले. पोरगा म्हणाला, "ले लो, महाशीर है, असली."

काका गाडीतून उतरले नाहीत. "कल्ल्यापासून शेपटीपर्यंत मधल्या रेघेवरचे खवले मोज," एवढंच म्हणाले. "बाडस पंचविसाच्या आसपास थांबतो."

मी बोट ठेवून मोजायला लागले. पोरगा आधी हसला, मग गप्प झाला. पंचवीस गेले, तीस गेले. एकेचाळीसला शेपटी आली.

"एकेचाळीस!" मी ओरडले.

"रोहू," काका काच खाली करत म्हणाले. "ताजा असेल तर किलोभर घे. काकू वाट बघतेय."