शेवंती शाबूत आहे का, ते आधी पाहा

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: परदेशातल्या लिलावाच्या यादीत किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या जुन्या फौजी घरात दुसऱ्या महायुद्धातली जपानी रायफल आहे. ‘लढाईत शत्रूच्या हातून घेतलेली’ असं सगळे सांगतात. ते खरं कशावरून मानायचं? पोलादावरचे शिक्के (शेवंतीचं फूल हा त्यातलाच एक) आणि सोबतचे कागद एकमेकांशी जुळले, तर मानायचं. घरात सांगत आलेली आठवण आदराने टिपून ठेवावी, पण तिला पुरावा म्हणू नये.

मुंबईत या विषयात शिरायचं तर कायदा आधी वाचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे चालू स्थितीतली रायफल बाळगायला परवाना लागतो आणि मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडून मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. त्यातही .३०३ आणि ७.६२ बोअरच्या (म्हणजे नळीच्या आतल्या मापाच्या) लष्करी रायफली प्रतिबंधित वर्गात मोडतात. म्हणून इथल्या अभ्यासकाच्या कपाटात रायफल क्वचितच असते. असतात ते शिक्क्यांचे फोटो, सैनिकांची सेवापुस्तकं, पदकं आणि पत्रं. माझ्या मते हा संग्रह कमी दर्जाचा मुळीच नाही. गावच्या घरी माळ्यावर अशी वस्तू सापडलीच तर ती उचलून टॅक्सीत घालून दुकानात दाखवायला नेऊ नका. विनापरवाना वाहतूक हा स्वतंत्र गुन्हा आहे. रायफल आहे तिथेच राहू द्या आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. आत गोळी असू शकते, त्यामुळे बोल्टशी, म्हणजे गोळी भरायला मागेपुढे सरकवतात त्या दांडीच्या भागाशी, खेळू नका.

आता शिक्क्यांकडे येऊ. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपानी पायदळाकडे मुख्यतः दोन अरिसाका रायफली होत्या: १९०५ सालचा टाइप ३८, ६.५ मिलिमीटरचा, आणि १९३९ सालचा टाइप ९९, ७.७ मिलिमीटरचा. चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) वर, रिसीव्हरच्या (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या पोलादी सांगाड्याच्या) पुढच्या गोल भागावर सोळा पाकळ्यांची शेवंती ठोकलेली असते. ते जपानी सम्राटाचं चिन्ह. त्याखाली जपानी अक्षरांत प्रकार लिहिलेला असतो. १९४५ च्या शरणागतीनंतर हवाली केलेल्या असंख्य रायफलींवरचं हे फूल कानशीने किंवा चाकावर घासून काढलं गेलं. म्हणून फूल घासलेलं असेल तर रायफल बहुधा युद्ध संपल्यावर ढिगातून उचललेली, आणि फूल शाबूत असेल तर ती लढाई चालू असताना हाती आलेली असण्याची शक्यता वाढते.

शक्यता वाढते, एवढंच म्हणतोय. चीनमध्ये मागे राहिलेल्या कित्येक रायफलींची फुलं शाबूत आहेत. उलट, युद्धाआधी सैन्यातून काढून शाळांना कवायतीसाठी दिलेल्या रायफलींवरचं फूल जपान्यांनीच लहान गोल ठशांनी रद्द केलेलं असतं. त्या ठशांना शरणागतीची खूण समजणं ही नवख्यांची हमखास चूक आहे.

मग रिसीव्हरच्या डाव्या बाजूचा क्रमांक वाचा. त्याच्या आधी वर्तुळात एखादं जपानी अक्षर असेल तर ती मालिका आणि क्रमांकानंतरचं चिन्ह कारखान्याचं. प्रत्येक मालिकेत क्रमांक ९९,९९९ पर्यंतच जात आणि पुढच्या मालिकेत पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. त्यामुळे वर्तुळातलं अक्षर टिपलं नाही तर नुसत्या आकड्याला अर्थ उरत नाही. बोल्टच्या दांडीखाली मुळाशी हाच क्रमांक किंवा त्याचे शेवटचे तीन आकडे असतात. शरणागतीच्या वेळी बोल्ट काढून वेगळे ठेवले जात आणि नंतर हाताला येईल तो बोल्ट कुठल्याही रायफलीत बसवला जाई. शाबूत शेवंती आणि जुळणारा बोल्ट एकत्र दिसले तर माझा विश्वास खूप वाढतो.

लाकडाकडेही नीट पाहा. अरिसाकाचा दस्ता दोन तुकडे लांबीत जोडून बनवलेला असतो. तो जोड कारखान्यातलाच आहे. त्याला तडा समजून गोंद भरणाऱ्यांनी चांगले नमुने खराब केले आहेत. नळी आणि लाकूड एकत्र बांधणाऱ्या धातूच्या पट्टीखाली लाकूड आडवं कापून पुन्हा जोडलेलं दिसलं तर मात्र आनंद माना. अमेरिकी सैनिक सामानाच्या पिशवीत रायफल मावावी म्हणून असा काप देत. विक्रेते तो लपवतात, पण मला तो खरेपणाकडे बोट दाखवणारी खूण वाटतो.

कागदांच्या बाबतीत अमेरिकी पद्धत सर्वांत स्पष्ट होती. सैनिकाला हाती आलेली वस्तू घरी नेता यावी म्हणून दाखला दिला जाई. युरोपातल्या छापील दाखल्यावर अमेरिकेच्या वॉर डिपार्टमेंटच्या २८ मे १९४४ च्या परिपत्रक क्रमांक १५५ चा हवाला, सैनिकाचं नाव आणि हुद्दा, वस्तूंची यादी आणि अधिकाऱ्याची सही असते. अडचण अशी की यादीत पुष्कळदा नुसतं ‘एक रायफल’ एवढंच लिहिलेलं असतं. असा खरा दाखला कोणत्याही रायफलीला चिकटवता येतो आणि तसं केलं जातं. क्रमांक लिहिलेला असेल तर त्याची शाई किंवा टाइपरायटरची अक्षरं बाकीच्या मजकुराशी पडताळा. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारून पाहा. कागद निळसर पांढरा चमकला तर संशय घ्या, कारण ती चमक आणणारी रसायनं कागदात युद्धानंतर रुळली.

आपल्याकडच्या सैनिकांसाठी वाट वेगळी आहे. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. एखादं घर त्या लढाईचं नाव घेत असेल तर आधी सेवापुस्तकातली बटालियन आणि तारखा पाहा. मग बटालियनची युद्ध-दैनंदिनी, म्हणजे तुकडीने रोज लिहिलेली अधिकृत नोंदवही, पाहा. आग्नेय आशियातल्या दैनंदिन्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ १७२’ या मालिकेत आहेत, इटलीतल्या ‘डब्ल्यूओ १७०’ मध्ये. दैनंदिनीत रायफलीचा क्रमांक मिळण्याची आशा धरू नका. माणूस त्या दिवशी त्या डोंगरावर असू शकत होता की नाही, हे मात्र कळतं, आणि बहुतेक दावे इथेच टिकतात किंवा कोसळतात.

फोटो काढताना शिक्क्यावर फ्लॅश मारू नका. एका बाजूने तिरपा प्रकाश टाका, म्हणजे घासलेल्या पाकळ्यांच्या कडाही उठून दिसतात. पॉलिश पेपर आणि ब्रासो यांना धातूच्या जवळसुद्धा आणू नका, कारण उथळ शिक्के कायमचे जातात.

कागदांचा मुंबईतला शत्रू म्हणजे पावसाळा. लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा निघत नाही आणि सही, शाई, कागद काहीच तपासता येत नाही. टाचण्या आणि स्टेपल आधी काढा, कारण त्यांचा गंज कागद खातो. प्रत्येक कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवा, पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. रंग बदलणाऱ्या जेलच्या पुड्या घ्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरवड्याला त्यांचा रंग तपासा.