लंगडोबा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पाच वर्षे नेमाने येणारा एक कावळा २०२४ च्या मे महिन्यात गेला. कुत्र्यामांजरांच्या आठवणी लोक समजून घेतात; कावळ्याची आठवण आपल्याकडे निघते ती फक्त दहाव्या दिवशी आणि पितृपंधरवड्यात, त्यामुळे त्याच्याविषयी लिहावे की नाही, या विचारात बरेच महिने गेले.

तो पहिल्यांदा आला २०१९ च्या श्रावणात. कर्वेनगरमधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला बाहेरून लोखंडी जाळी आहे आणि तिच्यात आईच्या कुंड्या असतात. त्या जाळीच्या कडेवर एक कावळा एका पायावर भार देऊन तिरका बसलेला दिसला. त्याच्या डाव्या पायाची पुढची बोटे नव्हती आणि उरलेल्या खुंटाला दोऱ्याचा काळपट वेढा आवळलेला होता. असा दोरा पायात अडकला की पक्ष्याला तो सोडवता येत नाही, पुढे तो काचत जातो, रक्त पोहोचेनासे होते आणि बोटे वाळून गळून पडतात. आईने त्याच दिवशी त्याचे नाव लंगडोबा ठेवले. गावकावळ्यात नर आणि मादी दिसायला सारखेच असल्यामुळे तो खरोखर ‘तो’ होता की ‘ती’, हे शेवटपर्यंत कळले नाही. मराठीत कावळा पुल्लिंगी, म्हणून आम्हीही तसेच म्हणत राहिलो. तो पाय नसता, तर करड्या मानेच्या त्या शेकडो पक्ष्यांतून आम्ही त्याला कधीच वेगळा ओळखला नसता.

सकाळी साडेसातच्या सुमारास आईची पहिली पोळी तव्यावरून उतरली की तो हजर असे. ताजी पोळी तो तशीच खाई, पण शिळ्या भाकरीचा तुकडा मिळाला तर तो चोचीत धरून कुंडीशेजारच्या पाण्याच्या वाडग्यापर्यंत उड्या मारत जाई, तुकडा पाण्यात बुडवी, क्षणभर थांबे, चोचीने दाबून पाही आणि अजून कडक लागला तर पुन्हा बुडवी. एवढी निगुती आमच्या घरात चहात बिस्किट बुडवणाऱ्या कोणालाही साधलेली नाही. घशाखाली फुगवटा येईपर्यंत तुकडे भरून झाले की एखादा तुकडा तो कुंडीच्या मातीत खुपसून त्यावर वाळके पान ओढून ठेवी आणि मान वाकडी करून आमच्याकडे एका डोळ्याने बघे. रामाने दर्भ सोडून कावळ्याचा एक डोळा घेतला, ही कथा आईने मला लहानपणी सांगितली होती. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळचे निरखण्यासाठी मान वळवावी लागते, हे मी मोठेपणी वाचले. पण त्या नजरेत ‘हे कुणाला सांगू नका’ असा जो भाव दिसे, त्याचा उलगडा दोन्हींपैकी कशानेच होत नाही. एकदा त्याने कुठून तरी आणलेला माशाचा काटा थेट तुळशीच्या कुंडीत पुरला, तेव्हा आईने दोन दिवस त्याला पोळी दिली नाही.

बाबा २०१८ मध्ये गेले. ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला आम्ही दीड तास ताटकळत होतो. काका हात जोडून ‘दादा, वहिनींची काळजी करू नकोस’ असे दोनतीनदा म्हणाले, तरी पिंडाला कावळा शिवेना, आणि अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तो शिववला. तिथल्या कावळ्यांची पोटे सकाळपासून भरलेली असणार, हे मला तेव्हाही कळत होते. तरी ते लागले ते लागलेच. पुढे लंगडोबाचे येणे नेमाचे झाल्यावर शेजारच्या मावशी एकदा हळूच म्हणाल्या, ‘तुमच्याकडचेच आलेत हो.’ आई पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘ते असते तर आधी तूप का नाही म्हणून विचारलं असतं.’ त्यावर तो विषय संपला. मला ते उत्तर आवडले, कारण त्यात बाबाही होते आणि कावळ्याला कावळाच राहू दिलेले होते.

२०२१ च्या जानेवारीत मुंबई, ठाणे आणि दापोलीकडच्या मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू सापडल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा सोसायटीत खाणे घालण्यावरून कुरबुर झाली आणि आम्ही काही आठवडे खिडकी बंद ठेवली. तो काचेवर चोच आपटत राही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कावळ्याला उंदरांच्या पंगतीत, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवले होते. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात समोरच्या छज्जावर हा लंगडा जीव पंख थरथरवणाऱ्या एका काळ्या पिलाला भरवताना दिसला. ते पिल्लू कोकिळेचे होते. आमच्या भाकरीवर कोकिळा पोसली गेली, हे आई पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

मे महिना हा कावळ्यांच्या घरट्यांचा. काड्या, तारा, दोरे असे जे हाती लागेल ते ते उचलतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरी संक्रांतीला कटलेला मांजा आमच्या दारच्या पर्जन्यवृक्षात मे महिन्यातही लोंबत होता, कारण तो कुजत नाही. त्या सकाळी झाडाभोवती कावळ्यांचा एवढा कल्लोळ उठला की सगळ्या खिडक्यांत माणसे आली. चाळीसेक कावळे असतील. पंधराएक मिनिटे ओरडून ते एकदम गप्प झाले आणि पांगले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केली स्विफ्ट आणि जॉन मार्झलफ यांनी अमेरिकी कावळ्यांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मेलेल्या सोबत्याभोवती जमून कावळे धोका कुठे आहे ते शिकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. आई म्हणाली, ‘भेटायला आलेत.’ मी वाद घातला नाही.

पंखाभोवती मांजाचे तीन वेढे पडले होते. वॉचमनने आंबे काढायच्या आकडीने त्याला खाली घेतले. मी पाय पाहिला आणि मग वर खिडकीकडे बघून मान हलवली. कढीपत्त्याच्या झाडाखाली आम्ही त्याला पुरले.

पोळीचा तुकडा आई अजूनही ठेवते. दुसरे कावळे येतात, खातात आणि जातात. त्या श्रावणात मी तुळशीच्या कुंडीतली माती बदलायला घेतली, तेव्हा चार बोटे खोल एक लहानसे पांढरे हाड लागले. आई ‘शिव शिव’ म्हणून हात झटकील आणि कुंडी धुवायला लावील, असे मला वाटले. तिने ते बघितले, खुरपे माझ्या हातातून घेतले आणि त्यावर पुन्हा माती लोटली.